वावरातले प्रश्न : नांग्या भरायला गेलेली पुडी

या महिन्याच्या टपालात कपाशीची पत्रं इतकी आहेत की तुरीच्या मरीबद्दल आणि हरभऱ्याच्या घाटेअळीबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबायची विनंती करते. गेवराई, परभणी, जालना, किनवट, मानवत, सगळीकडून एकच दुखणं आलंय, गुलाबी बोंडअळी. विचारणारे वेगळे आणि प्रश्नही वेगळे, म्हणून एकेक पत्र घेते.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी चार एकर कपाशी आहे, त्यातली दोन एकर ठिबकवर. बीटी नवीन आली तेव्हा आमचे अण्णा म्हणायचे, आता फवारणीचा पंप माळ्यावर टाका. आता पंप परत खाली आला अन् बॅगही नऊशे रुपयांची झाली. दसऱ्यापर्यंत झाड भरलेलं दिसतं, वेचणीला गेलं की नुसती कवडी, किडका डागाळलेला कापूस. बीटीतला दम गेला म्हणतात. दम जातो कसा? बियाण्यात भेसळ होती की कंपनी औषध कमी टाकती? — एक शेतकरी, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : दादा, आधी औषधाचं बोलते. बियाण्यावर जो लाल किंवा निळसर लेप दिसतो तो मावा-तुडतुड्यांसाठी असतो. बोंडअळीचं औषध बॅगेत कुणी टाकत नाही, त्यामुळे ते कमी पडायचा प्रश्नच नाही. मातीत राहणारा एक जिवाणू आहे, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचीच आद्याक्षरं म्हणजे बीटी. त्याचं जनुक कपाशीत घातलंय आणि अळीला मारणारं प्रथिन झाड स्वतःच तयार करतं. पानात, पातीत (म्हणजे कळीत), फुलात, बोंडात. अळीने कुरतडलं की ते तिच्या पोटात जातं, आतड्याच्या अस्तराला चिकटतं, आतड्याला भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. पण काही अळ्यांच्या आतड्यात हे प्रथिन जिथे चिकटायचं ती जागाच जन्मतः बिघडलेली असते. त्यांना काही होत नाही. अशा अळ्या पहिल्यापासून होत्या, पण अगदी थोड्या. बाकीच्या मरत गेल्या, या उरल्या आणि दरवर्षी यांचीच पिल्लावळ वाढत गेली. दम बियाण्यातून गेला नाही, अळीचं खानदान बदललं. वर झाड साधारण ११० दिवसांच्या पुढे गेलं की त्यातलं प्रथिन घटत जातं, म्हणून दिवाळीच्या सुमाराला नुकसान जास्त दिसतं.

तुमच्या अण्णांचं म्हणणं त्यांच्या काळात खरंच होतं. आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली २६ मार्च २००२ ला, एका जनुकाची. २००६ मध्ये दोन जनुकांची आली, तिला आपण बीजी-टू म्हणतो. पहिली काही वर्षं हिरवी अळी, ठिपक्यांची अळी, गुलाबी अळी अशा तिन्ही बोंडअळ्या मरत होत्या. मग गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी एका जनुकाला दाद देईना, हे खुद्द मोन्सँटो कंपनीने मार्च २०१० मध्ये जाहीर केलं. त्यानंतर तिथेच ती दोन जनुकांनाही पचवू लागली. आपल्याकडे खरा दणका बसला २०१७ मध्ये.

त्या वर्षी भाऊबिजेला मी माहेरी गेले होते. ओवाळून झालं आणि भाऊ म्हणाला, ताई, चल, कपाशी दाखवतो. कपाशी माझ्या खांद्याला लागत होती, हिरवीगार, बोंडांनी लगडलेली. शेजारचा माणूस बांधावरून म्हणाला, यंदा एकरी पंधरा क्विंटल कुठं गेला नाही. मी विळ्याने एक बोंड चिरलं. वरून एक डाग नाही, आणि आत एका पाकळीतला कापूस पिवळट-तपकिरी चिकटून गेलेला, सरकी पोखरलेली, तिच्यात गुलाबी पट्ट्यांची अळी वळवळत होती. लहानपणीच ती आत शिरते आणि तिच्या मागे भोक बुजून जातं. म्हणून बाहेरून पत्ता लागत नाही, आणि म्हणूनच एकदा ती आत गेली की वरून केलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. दहा बोंडं चिरली, सातांत अळी होती. भाऊ काही बोलला नाही. विळा माझ्या हातून घेतला आणि पुढच्या ओळीतली बोंडं तो स्वतः चिरू लागला.

आता हे का झालं ते सांगताना मला माझंही सांगावं लागेल. मी २६ वर्षं कृषी सहायक होते. बीटीची बॅग ४५० ग्रॅमची यायची आणि तिच्यासोबत १२० ग्रॅमची साध्या, बिगरबीटी कपाशीची पुडी. परवानगीच्या अटीतच होतं, बीटीच्या कडेने पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांत जे जास्त भरेल तेवढी साधी कपाशी लावायची. त्याला रेफ्युजी म्हणायचे. ही अट मी गावोगावच्या बैठकांत वाचून दाखवली. का लावायची हे नीट समजावलं नाही, कारण मलाच ते नीट कुणी समजावलं नव्हतं. शेतकऱ्याला दिसायचं एवढंच की वीस टक्के रान अळीला खायला सोडायचं. कोण सोडेल? काही पुड्यांतलं बी निम्मंही उगवायचं नाही, उगवलं तर फुलोरा बीटीच्या आधी नाहीतर नंतर. मग पुडी बांधावर पडायची, किंवा पाऊस लांबून बीटीत तूट पडली की तिने नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरल्या जायच्या. आमच्या घरचीही पुडी नांग्या भरायला गेली. मी पाहिलं आणि गप्प बसले. तपासणीच्या तक्त्यात ‘रेफ्युजी लावला’ या रकान्यापुढे मी कितीतरी ठिकाणी वावरात न उतरता ‘होय’ लिहिलंय. ते मला अजून बोचतं.

त्या पुडीचं काम सोयरीक जुळवायचं होतं, दादा. न मरणारी अळी तशी तेव्हाच तयार होते जेव्हा तो दोष तिला आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून मिळतो. एकाकडूनच मिळाला तर पिल्लू बीटीवर मरतं. बीटीच्या वावरातून वाचून निघालेल्या चार-दोन पतंगांना शेजारीच साध्या कपाशीवर वाढलेले शेकडो साधे पतंग भेटले, तर त्यांची सोयरीक त्यांच्याशी होते आणि पुढची पिढी बीटीवर मरते. आपण सगोत्र लग्न टाळतो तसंच हे. साधी कपाशी कुठेच नसली की वाचलेल्या पतंगाला दुसरा वाचलेलाच भेटतो. म्हणजे वीस टक्के रान अळीला द्यायचं ते उरलेलं ऐंशी टक्के राखायला. एवढं एक वाक्य २००४-०५ मध्ये मला सांगता आलं असतं तर!

तुमच्या पत्रात एक गोष्ट सुटलीय. ठिबकवरची दोन एकर कपाशी तुम्ही मे महिन्यात लावता का? लावत असाल तर यंदा ते थांबवा. मागच्या हंगामातल्या अळ्या सरकीत, पऱ्हाटीत (कपाशीच्या वाळलेल्या झाडांत), जमिनीच्या भेगांत झोपलेल्या असतात. मे-जूनमध्ये त्यांचे पतंग निघतात. त्या वेळी रानात पाती-फूल नसलं तर अंडी घालायला जागा न मिळता ते मरून जातात. तुमच्या ठिबकवर जूनअखेर पाती लागली की त्या सगळ्यांना घर मिळतं आणि तिथून शेजारपाजारचं कोरडवाहूही धरलं जातं. गेली काही वर्षं आपल्या राज्यात बियाणं शेतकऱ्याच्या हाती कधी द्यायचं याची तारीख ठरवतात ती यासाठीच. दुकानदार अडवतो म्हणून त्याच्यावर रागावू नका.

प्रश्न : मी बी.एस्सी. कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात सांगितलं की हिरवी बोंडअळी बीटीवर अजून बऱ्यापैकी मरते, गुलाबी मात्र नाही. दोघींवर तीच दोन जनुकं, तीच वर्षं. मग फरक का? आणि चीनमध्ये गुलाबी अळी इतकी का बिघडली नाही? — एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : बाळा, तुझा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. हा प्रश्न आम्ही नोकरीत असताना विचारायला हवा होता.

हिरवी अळी खादाड आहे, तिला सगळं चालतं: तूर, हरभरा, टोमॅटो, सूर्यफूल. आपल्या मराठवाड्यात कपाशीच्या शेजारी तूर असतेच, कित्येकदा कपाशीतच तुरीच्या ओळी असतात. त्या तुरीवर बीटीचा संबंधच नाही. म्हणजे हिरव्या अळीला न सांगता, न पुडी देता आपोआप रेफ्युजी मिळाला. तिच्या सोयरिकी बाहेर होत राहिल्या. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. भेंडी-अंबाडीवर थोडीफार, पण ती नावाला. आणि देशातलं ९० टक्क्यांहून जास्त कपाशीचं क्षेत्र बीटीखाली गेलेलं. तिच्यासाठी रेफ्युजी माणसाने लावला तरच होता, आणि तो माणसाने लावला नाही.

दुसरं कारण संकरित वाणाचं आहे, ते वर्गात शिकवलं नसेल तर सरांना विचार. आपण पेरतो ते संकरित बी, आणि त्यात बीटीचं जनुक साधारणपणे आईबापांतल्या एकाकडूनच आलेलं असतं. झाड पूर्ण बीटी असतं, पण त्याच्या बोंडात धरलेली सरकी ही पुढची पिढी. मेंडेलचा नियम लाव. एक जनुक असेल तर चारांतल्या एका सरकीत ते नाही. दोन वेगळी जनुकं असतील तर सोळांतल्या एका सरकीत दोन्ही नाहीत आणि बऱ्याच सरक्यांत एकच आहे. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एका बोंडात तिला विषाच्या, अर्ध्या विषाच्या आणि बिनविषाच्या अशा सगळ्या सरक्या शेजारी शेजारी मिळतात. अळीला विषाची सवय लावायला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी हे वारंवार मांडलंय. सरळ वाणात, म्हणजे ज्याचं बी घरी राखून पुन्हा पेरता येतं त्यात, बीटी आणलं असतं तर ही अडचण उद्भवली नसती. जगातले बहुतेक देश सरळ वाणच लावतात. आपल्याकडे संकरित वाणाने कंपनीला दरवर्षी नवं बी विकता आलं आणि शेतकऱ्याला लांब हंगामाचं, पाच-सहा वेचण्यांचं झाड मिळालं. दोघांनाही ते आवडलं. अळीला सर्वांत जास्त आवडलं.

चीनमध्ये यांग्त्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित झाडाची दुसरी पिढी पेरायला घेतली, तेव्हा शेतातली पाव झाडं आपोआप बिगरबीटी निघाली. पूर्ण झाडंच्या झाडं बिगरबीटी, सगळ्या वावरात विखुरलेली. तो अनायासे रेफ्युजी ठरला आणि तिथल्या गुलाबी अळीचा प्रतिकार खाली आला. वरवर पाहता आपल्या बोंडातही तेच मिश्रण आहे, मग परिणाम उलटा का? झाडाझाडांत मिसळ असली तर अळी जन्मभर एकाच प्रकारचं खाते. बोंडातच मिसळ असली तर एकच अळी दोन्ही चाखते. हा फरक वहीत चित्र काढून समजून घे. परीक्षेत येवो न येवो, पुढे गावात गेलीस की हेच सांगायचंय.

प्रश्न : आमचं जालना बियाण्यांचं गाव. इथूनच बीटी निघाली असं लहानपणापासून ऐकतोय. मग वांग्याचं बीटी का अडलं? परवानगी नक्की देतं कोण आणि एकदा दिली की लक्ष कोण ठेवतं? — एक वाचक, जालना

उत्तर : जालन्याचा अभिमान रास्त आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको सुरू केली, १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कारही त्यांना मिळाला. २००२ मध्ये परवानगी मिळालेली पहिली तीन बीटी संकरित वाणं महिकोचीच. जनुक मात्र अमेरिकेच्या मोन्सँटोचं.

परवानगीचा कायदा पर्यावरणाचा आहे, बियाण्यांचा नव्हे. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखालचे १९८९ चे नियम. कंपनीच्या किंवा संस्थेच्या आतली जैवसुरक्षा समिती, तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाची समिती आणि शेवटी पर्यावरण मंत्रालयातली जनुकीय अभियांत्रिकी समिती, जिला सगळे जीईएसी म्हणतात. वांग्याला या जीईएसीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला होता. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० ला ते थांबवलं. बांगलादेशाने तेच वांगं २०१३ मध्ये मान्य केलं आणि तिथले शेतकरी ते लावतात. वांगं आपण भाजीत खातो, त्याच्या कितीतरी जाती आपल्या देशातल्या, म्हणून लोकांचा जीव वरखाली झाला. मला ते समजतं. पण सरकीचं तेल आपण खातोच आणि पेंड म्हशीच्या घमेल्यात जातेच, तेव्हा खाण्याचं नाही म्हणून कपाशी सुटली हे म्हणणं अर्धं आहे.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. १९८९ च्या नियमांतच राज्य पातळीवर एक समिती आहे आणि जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक. लक्ष ठेवणं त्यांचं काम. माझ्या २६ वर्षांत अशा समितीचा माणूस बांधावर येऊन साध्या कपाशीच्या पाच ओळी मोजताना मी पाहिला नाही. सगळी तपासणी जनुकाची झाली. उंदराला, शेळीला, गायीला चारून पाहिलं, परागकण किती दूर जातात ते मोजलं. ते हवंच होतं. परवानगी मिळाली आणि नियम बॅगेत घालून, पुडीच्या रूपाने, एकेकट्या शेतकऱ्याच्या हाती सोपवला.

इथेच माझा जीव अडकतो. अळी बीटीवर मरते हा तिचा गुण म्हणजे गावची सामाईक विहीर आहे. एकाने ती कितीही जपली आणि बाकीच्यांनी रात्रंदिवस मोटर चालवली तर ती आटणारच. सामाईक विहिरीला पाळ्या असतात आणि पाळ्या कुणीतरी मोजतं. ऑस्ट्रेलियाने एका जनुकाची बीटी होती तोवर एकूण कपाशीच्या ३० टक्क्यांवर तिचं क्षेत्र जाऊच दिलं नाही, आणि पीक निघाल्यावर जमीन उकरून कोष मोडायचं बियाण्याच्या करारातच घातलं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनी पहिली दहा वर्षं रेफ्युजी नेटाने लावला. नंतर २००६ पासून विमानातून नपुंसक केलेले पतंग सोडले, मादीच्या वासाने नर पतंगांना भुलवणारे कामगंध वापरले, पऱ्हाटी गाडली. २०१८ मध्ये अमेरिकेने गुलाबी अळी आपल्या कपाशीतून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. जनुकं तीच होती. त्यांची शेती मोठी, माणसं थोडी, हे मला मान्य आहे. आपल्याकडे दोन-तीन एकरांचे लाखो धारक. म्हणूनच नियम एकेकट्याला लावून भागणार नव्हतं, तो गावाला लावायला हवा होता.

आता वेगळी पुडी गेली. साधं बी बॅगेतच मिसळून येतं, म्हणून बॅग ४७५ ग्रॅमची झाली. निदान ते फेकता येत नाही. पण ज्या वेळी हे करायचं ती वेळ दहा वर्षं आधीची होती.

प्रश्न : ताई, आमच्याकडे निंदायला बाई मिळत नाही आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही. घरात मी एकटीच करणारी. गावात एक जण तेलंगणातून बियाणं आणून देतो, त्यावर तणनाशक मारलं तरी कपाशी जळत नाही. बिल देत नाही. मालक म्हणतात घेऊ. घ्यावं का? — एक बहीण, ता. किनवट, जि. नांदेड

उत्तर : बाई, घेऊ नका. पण तुमची अडचण खोटी नाही, म्हणून नुसतं नको म्हणून मोकळी होत नाही. जून-जुलैच्या चिखलात वाकून निंदणाऱ्या बाईच्या कंबरेचा हिशोब कुठल्याच समितीत होत नाही. २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी हेच तणनाशक बीटी उघडपणे पेरून परवानगी मागितली, त्यामागेही हीच मजुरीची कळ होती.

पण ते बियाणं जीईएसीने मंजूर केलेलं नाही. ते विकणं, साठवणं, लावणं कायद्याने मना आहे. त्याहून मोठी भीती अशी की त्या पाकिटात काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बीजी-टूची दोन्ही जनुकं आहेत, एक आहे की काहीच नाही? मिसळलेलं साधं बी तर नसणारच. अर्धवट विषाची झाडं म्हणजे अळीची शाळा. बी उगवलं नाही तर तक्रार कुठे कराल? बिल नाही, लेबल नाही, लॉट नंबर नाही. तालुक्याची तक्रार निवारण समिती हेच पहिलं मागते. रीतसर घेतलेल्या बॅगेचंसुद्धा बिल, रिकामं पाकीट, लेबल आणि मूठभर बी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा.

तणासाठी आत्ता हाताशी आहे ते असं: पेरणीनंतर पण उगवणीआधी मारायचं शिफारशीचं तणनाशक, मग वेळेवर दोन कोळपण्या. दोन ओळींत मूग किंवा उडीद घेतला तर तणही दबतं आणि पोळ्याच्या सुमाराला हातात चार पैसे येतात. एवढ्याने निंदणी पूर्ण टळत नाही, निम्मी होते. मालकांना हे पान वाचून दाखवा.

प्रश्न : सापळे किती, कधी, आणि किती पतंग आल्यावर फवारायचं? — ता. घनसावंगी

उत्तर : पेरणीनंतर ४५ दिवसांनी, पाती लागता लागता, एकरी दोन कामगंध सापळे, झाडाच्या शेंड्यापासून फूटभर वर. झाड वाढेल तसा सापळाही वर. एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सलग तीन रात्री आले तर पातळी ओलांडली. सोबत डोमकळ्या बघा, म्हणजे पाकळ्या पिळून मिटलेली, गुलाबाच्या कळीसारखी न उमलणारी फुलं. ती तोडून अळीसकट नष्ट करा. पुढे दर आठवड्याला एकरातून वीस हिरवी बोंडं चिरायची; दोनात अळी म्हणजे दहा टक्के, मग शिफारशीचं एकच औषध फवारायचं. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते विसरू नका.

प्रश्न : जानेवारीत पाणी असतं, कपाशीला फुटवा असतो, भाव चढतो. फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही राखलेली कपाशी, सोडवत नाही. पऱ्हाटीही चुलीला लागते. आणि मी एकट्याने काढून काय होणार, शेजारी ठेवणारच. — एक शेतकरी, ता. मानवत, जि. परभणी

उत्तर : दादा, तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि सगळी अडचण त्याच वाक्यात आहे. एकट्याने काढून थोडंच होतं.

फरदडीचा हिशोब मात्र कागदावर मांडा. जानेवारी-फेब्रुवारीत येतो तो कापूस बहुतेक कवडी, मोंढ्यात त्याला काय भाव मिळतो ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. थंडी पडली, दिवस लहान झाला की अळी झोपायला जागा शोधते. दोन सरक्या रेशमाने जोडून मध्ये बसते. न फुटलेल्या बोंडांत बसते. ती बोंडं पऱ्हाटीला तशीच आणि पऱ्हाटी तुमच्या गोठ्यामागे रचलेली. पुढच्या जूनचे पतंग तिथूनच निघतात. जळण लागतं हे मी जाणते, माझ्या आईची चूल पऱ्हाटीवरच चालायची. निदान कैऱ्या, म्हणजे न फुटलेली बोंडं, झोडून, वेचून जाळा आणि उरलेली पऱ्हाटी उन्हाळ्याआधी संपवा. ट्रॅक्टरवाला कुट्टी करून देत असेल तर ती रानातच मिसळा, जमिनीचंही भलं होईल. मानवत-सेलूच्या पट्ट्यात जिनिंग बरीच आहेत. तिथे पडून राहणारी सरकी हेही अळीचं कोठार आहे. जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावा, अशी मागणी बाजार समितीकडे तुम्ही पंधरा-वीस जणांनी सही करून द्या.

माझ्या भावाच्या गावाने २०१७ च्या त्या दिवाळीनंतर ग्रामसभा घेतली. तारीख ठरली, ३१ डिसेंबर. त्या दिवसानंतर शिवारात उभी कपाशी नको, आणि मेंढरं-बकऱ्यांना आधीच सगळ्या रानांत मोकळं सोडायचं म्हणजे हिरवी बोंडं खाऊन जातील. पहिल्या वर्षी बागायतवाल्या पाच-सहा जणांनी ऐकलं नाही, त्यांच्याशी भांडणंही झाली. भावाचं आणि चुलत दिराचं चार महिने बोलणं बंद होतं. दुसऱ्या वर्षी तिघं उरले. मग त्यांतला एक जण स्वतःच म्हणाला की फरदडीत मजुरी वजा जाता काही उरत नाही. अळी गेली असं मी म्हणणार नाही, ती आहे. पण सापळ्यात पतंग आठाच्या वर जायला पूर्वी ऑगस्टचा पहिला पंधरवडा पुरायचा, आता सप्टेंबर उजाडतो. तेवढ्याने दोन फवारण्या वाचतात. शेजारची दोन गावं अजून फरदड घेतात, त्यांच्याकडून पतंग येणारच. यंदा त्या गावांच्या सरपंचांना घेऊन भाऊ बसणार आहे.

तुम्ही तुमच्या शिवाराला लागून असलेल्या आठ-दहा जणांपासून सुरू करा. सगळं गाव धरून बसलात तर तारीख कधीच ठरणार नाही. तारीख ठरली की भिंतीवर चुन्याने लिहा. आणि यंदा सापळ्यात पहिले आठ पतंग कोणत्या तारखेला आले ते वहीत टिपून मला कळवा. पुढच्या वर्षीची तारीख आली की दोन्ही आकडे याच पानावर शेजारी शेजारी छापू.